धूर आणि डावं चाक

बायको गेल्यावर लोक म्हणाले, तिच्याबद्दल दोन चांगले शब्द लिहून ठेवा. मी चौथीपर्यंत शिकलेला टॅक्सीवाला, मला चांगले शब्द येत नाहीत. जे घडलं ते लिहितो.

साठ सालानंतरची गोष्ट. परतवाडा ते अमरावती मी सवाऱ्या नेत होतो. गाडी इंग्रजांच्या वेळची, माझ्या हाती आली तेव्हाच तीन मालक करून झालेली. एक दार सुतळीनं बांधलेलं, हॅन्डल मारल्याशिवाय सुरू होत नव्हती, अन् मागून इतका धूर की स्टँडवरचे लोक विचारत, "काहून भाऊ, आज स्वयंपाक गाडीतच मांडला काय?"

त्या हिवाळ्यात बायकोला आठवा महिना होता. आधीचं लेकरू बैलगाडीतून दवाखान्यात नेताना वाटेतच गेलं होतं. तीही मरता मरता वाचली होती. दाईनं या वेळी स्पष्ट सांगितलं, "माह्या भरवशावर राहू नका. अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात न्या." म्हणजे माझ्याच गाडीतून. परक्या माणसांना मी बिनघोर नेत होतो. तिला न्यायचं ठरल्यावर गाडीतला एक एक खिळा मला दिसायला लागला.

गाडी मिस्त्रीला दाखवली. तो म्हणाला, "पिस्टनच्या रिंगा गेल्या, भाऊ, म्हणून धूर. इंजिन खोलावं लागते. आठ-दहा दिवस गाडी सोडून जा." मला पटलं. धूर डोळ्यांना दिसत होता ना. जे दिसते त्याचंच भेव वाटते.

गाडी मिस्त्रीकडे टाकायच्या आधी बायकोला बसवून एक चक्कर मारली. लग्नाआधी ती जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मशीनमध्ये कापूस टाकायच्या कामावर होती. तिथल्या बाया मशीनचे दोन आवाज ओळखत. एक रडणारा, म्हणजे तेल मागते. दुसरा खाणारा, म्हणजे लोखंड लोखंडाला खाते. खाणारा आवाज आला की कोणी विचारत बसत नव्हतं, सगळ्या हात वर करून मागे सरत. तिच्या बाजूची एक जण सरली नाही. तिचा हात कोपरापर्यंत गेला.

परत येताना ती म्हणाली, "समोरचं डावं चाक खाऊन राहिलं."

"मले तर काही ऐकू येत नाही."

"तुमाले धुराचंच पडलं. धुरानं चाक गळून पडते काय?"

मिस्त्रीला सांगितलं तर तो हसला. "मिस्त्री मी, का वहिनी?"

दोन दिवस मला ठरवता येईना. इंजिन खोललं अन् तिला कळा सुटल्या तर गाडी नाही. नाही खोललं अन् वाटेत बंद पडलं तर पुन्हा तीच बैलगाडी. शेवटी मिस्त्रीला म्हणालो, "डावं चाक खोला. इंजिनाले हात लावू नका."

त्यानं चाक उतरवलं, आत बोटं घातली अन् हात माझ्यापुढे धरला. काळ्या ग्रीसमध्ये बेरिंगच्या छर्ऱ्यांचा चुरा होता. तो आता हसत नव्हता. "हे कवापासून चालवून राहिले, भाऊ?"

त्याच आठवड्यात एका लग्नाची सात माणसं मी नदीच्या बिनकठड्याच्या पुलावरून आणली होती. त्यात दोन लेकरं. मी चाकाजवळच खाली बसलो.

नवी बेरिंग अमरावतीत मिळाली नाही, अकोल्याला जाऊन आणली. ती बसवली अन् तिसऱ्याच दिवशी दुपारी कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच. मागच्या सीटवर ती अन् तिची आई. अर्ध्या वाटेवर धूर आत यायला लागला, पाणी उकळलं. मी उतरून पाणी घातलं, ऑइल ओतलं. घाईत निम्मं ऑइल जमिनीवर गेलं. मिस्त्रीच खरा निघाला तर? मी माझ्या हातानं हिला मारलं तर?

"थांबू काय थोडं?" मी विचारलं.

"डावं चाक खाते काय?"

"नाही."

"मलेही नाही ऐकू येत. मंग चाला."

त्याच बिनकठड्याच्या पुलावर मी डावीकडे वाकून चाक पाहायला लागलो. तशा कळांत ती ओरडली, "रस्ता पाहा. चाक मी ऐकून राहिली."

दवाखान्याच्या दारापर्यंत इंजिन चाललं, खोकत खोकत. दिवस मावळताना नर्स बाहेर आली. मुलगी झाली होती, आई बरी होती. मी आत गेलो. तोंड धुरानं काळं, हात ऑइलनं भरलेले.

"लेकराले हात नका लावू," बायको म्हणाली. "आधी धुऊन या."

नळाखाली कितीतरी वेळ हात घासत होतो. परत आलो तर तिचे डोळे मिटलेले होते. मी एकदम वाकून तिच्या तोंडाजवळ कान नेला. श्वास चालू होता. सरळ व्हायची हिंमत झाली नाही. तसाच वाकून ऐकत राहिलो.