दानात आलेली मोटार

कुठलाही आवाज कानावर पडला की गुरुजींचा उजवा हात आपोआप उचलला जायचा. दार करकरलं, हात वर. दहीवाल्यानं आरोळी ठोकली, हात खाली. वेद म्हणताना स्वर हातानं दाखवायची त्यांची रीत, आणि ती अंगात अशी मुरलेली की जेवताना काकूंनी भांडं आपटलं तरी यांचा हात वरणभात सोडून हवेत. मग शांतपणे म्हणायचे, "स्वर लागला नाही." काकूंचा स्वर मात्र अगदी बरोबर लागलेला असायचा, हे आम्हां खालच्या बिऱ्हाडाला चांगलं ठाऊक होतं.

मी वाईची. लग्न होऊन काशीला आले, तेव्हा दूधविनायकाच्या गल्लीत मराठी ऐकून माझा जीव भांड्यात पडला होता. पण मराठी तरी कसली! "सूनबाई, मी कधीचा आवाज देतोय, जरा कुंडी खोला ना." हे गुरुजींचं मराठी, कुंडी म्हणजे दाराची कडी. वरच्या मजल्यावर ते, काकू आणि त्यांचे वेदाचे विद्यार्थी. खाली आम्ही दोघं. आमचे हे शाळेत इंग्रजी शिकवायचे. मध्ये दगडी चौक, दोन्ही बिऱ्हाडांचा मिळून. त्याच चौकात, माझ्या चुलीपासून चार हातांवर, पुढं मोटारीचं इंजिन उघडलं गेलं. आता तुम्हीच सांगा, वेदशाळेच्या घरात हे कुणाला स्वप्नात तरी आलं असतं का?

झालं ते असं. गंगेपलीकडं, रामनगरच्या बाजूला, एक जमीनदारीण बाई राहायच्या. सगळे त्यांना माँजी म्हणत. त्यांचा एकुलता एक मुलगा ऐन पंचविशीत विषमज्वरानं गेला. त्याला वेड एकाच गोष्टीचं. विलायतेला परत जाणाऱ्या कुणा साहेबाकडून त्यानं एक मोटार घेतली होती, शर्यतीत पळवतात तसली. लांब नाकाची, बिनछपराची, दोनच माणसांची. माँजी घाबरायच्या आणि हा रामनगरच्या रस्त्यावर धुरळा उडवत फिरायचा. वर्षश्राद्धाला गुरुजींना बोलावणं आलं. मेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर लागेल ते सगळं दान द्यायचं असतं. छत्री, जोडे, अंथरूण, आणि वाहनही. लोक चांदीचा एवढासा घोडा देतात आणि मोकळे होतात. माँजींनी मोटार दिली. तिला झेंडूची माळ घातली होती म्हणे. त्यांनी पाणी सोडलं, गुरुजींनी ते हातावर घेतलं, आणि मोटार गुरुजींची झाली.

दुसऱ्या दिवशी कळलं की ती चालतच नाही. वर्षभर, पावसाळा धरून, गोठ्यात उभी होती. इंजिन आतून गच्च धरलेलं.

गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी सल्ला दिला, विकून टाका. लॉरीचा धंदा करणारा एकजण तर दारात येऊन बसला. गुरुजींनी त्याला पेढा दिला आणि वाटेला लावलं. म्हणाले, "पाणी वाहनावर सोडलंय. जे चालत नाही ते वाहन कसलं?"

तिथंच कदाचित हळूहळू विसर पडला असता, पण माँजींचे म्हातारे मुनीम होते ना! दर एकादशीला नावेतून यायचे, चौकात टेकायचे, पाणी प्यायचे आणि एवढंच विचारायचे, "माँजी पुछवाती हैं, गाड़ी चली?" गुरुजींना खोटं बोलता येत नव्हतं. "अभी नहीं," म्हणायचे. मुनीम उठून जायचे. एकदा मात्र जाता जाता त्यांनी सांगितलं की माँजी धड जेवत नाहीत. म्हणतात, वाहन दिलं पण ते चालत नाही, म्हणजे माझा बबुआ रस्त्यातच उभा आहे. गुरुजी त्या दिवशी फराळाच्या पानावरून तसेच उठले. मला राहवलं नाही. मी सरळ विचारलं, हे असं खरंच असतं का हो? गुरुजी म्हणाले, "ते मला ठाऊक नाही, सूनबाई. पण हात मी पुढं केला होता ना."

मग इंजिन घरी आणायचं ठरलं. मोटार बैलांकरवी अलीकडं ओढून आणून मोठ्या रस्त्यावरच्या एका तबेल्यात ठेवली होती. आमच्या गल्लीत बैल आला तर माणसानं भिंतीला चिकटावं, तिथं मोटार कुठली यायला! आणि विद्यार्थ्यांचा पाठ टाकून गुरुजी तबेल्यात जाऊन बसणार नव्हते. तेव्हा इंजिन वेगळं काढून चार हमालांनी बांबूंवर घेतलं. गल्लीत तेल ठिबकू नये म्हणून गुरुजींनी ते आपल्या पांढऱ्या धोतरात गुंडाळलं, आणि स्वतः पुढं चालू लागले. काशीत चौघांच्या खांद्यावर बांबू, वर पांढऱ्या कापडात काहीतरी, आणि पुढं गंभीर चेहऱ्याचा ब्राह्मण. लोक काय समजणार? माणसं बाजूला होऊन हात जोडायला लागली. मिठाईवाल्यानं कढईवरून उठून "राम नाम सत्य है" म्हटलं. एका म्हातारीनं कळवळून विचारलं, कौन गया? गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि खरं ते उत्तर दिलं, "अभी कुछ कह नहीं सकते."

काकूंनी तुळशीच्या अलीकडं रांगोळीची रेघ ओढली. रेघेच्या आत लोखंड येणार नाही. गुरुजींनी मान डोलावली आणि जुना पंचा नेसून रेघेबाहेर मांडी ठोकली. त्या दिवसापासून सकाळी वेद, दुपारी इंजिन, मग गंगेवर आंघोळ, मग जेवण. नखांतलं काळं मात्र जाईना. काकू दुरून वाढायच्या आणि पुटपुटायच्या. माझी एक परात घासलेटात सुटे भाग बुडवायला गेली ती गेलीच. पुन्हा तिच्यात कणीक मळायची माझी छाती झाली नाही.

मोटारीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं, इंजिन कसं उघडावं, कसं जोडावं ते सांगणारं. आमचे हे ते वाचून मराठीत सांगायचे आणि गुरुजी पाठ करायचे. लिहून ठेवणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. एकेक भाग निघाला की मागच्याला जोडून मोठ्यानं म्हणायचे. "झाकण-पट्टी. पट्टी-व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह-स्प्रिंग. स्प्रिंग-खिळी." विद्यार्थी वरच्या कठड्यावर ओणवून खुदुखुदु हसायचे. पण हसता हसता त्यांनाही पाठ झालं. पुढं कुठला नट कुठला हे गुरुजी अडले तर वरून चार आवाजांत उत्तर यायचं.

धरलेले पिस्टन सोडवायलाच कितीतरी दिवस गेले. घासलेट ओता, थांबा, लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोका, पुन्हा ओता. गुरुजींना घाई म्हणून नव्हतीच. लोहटियातला, म्हणजे लोखंडाच्या बाजारातला, एक म्हातारा मिस्त्री मदतीला यायचा. पिठाच्या गिरण्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. पिस्टनवरच्या झिजलेल्या कड्यांच्या जागी त्यानं नव्या बसवल्या. दोघांचं चांगलं जमलं. दोघंही कमी बोलणारे, आणि दोघांनाही पान लागायचं.

व्हॉल्व्ह घासायचं काम मात्र गुरुजींनी कुणाला दिलं नाही. व्हॉल्व्ह आपल्या जागी घट्ट बसला नाही तर इंजिनाचा दम निघून जातो, म्हणून तिथं खरखरीत मलम लावून तो फिरवत राहायचा. दोन तळव्यांमध्ये दांडी धरून, ताक घुसळावं तसं, पुढं-मागं. मग वरून घासलेट ओतायचं. खाली थेंब उतरला की पुन्हा सुरुवात. गुरुजी डोळे मिटून फिरवत असायचे, तोंडानं काहीतरी चाललेलं असायचं, कपाळावर घाम आणि चेहरा असा की बघत राहावं. खरं सांगते, इतका सुखी माणूस मी फार थोड्या वेळा पाहिलाय. मी चिडलेलीच असायचे, परातीवरून, वासावरून, पण त्यांच्याकडं बघितलं की राग टिकायचा नाही. काकूंचंही तेच व्हायचं. फक्त त्या कबूल करायच्या नाहीत.

ज्येष्ठ लागला. आता मात्र घाई होती. रामनगरला जायला पिंपांवर फळ्या टाकलेला पूल असायचा, आणि पाऊस जवळ आला की तो सोडून ठेवत. पूल सुटला की मोटार पलीकडं न्यायची ती दिवाळीनंतर. मुनीम सांगून गेले होते की माँजी आता उठून बसतही नाहीत.

इंजिन जोडून झालं. एकही नट उरला नाही, कमी पडला नाही. चौकात लाकडी घोड्यावर ते बसवलं, पेट्रोलचा डबा खुंटीला टांगला. मिस्त्रीनं हँडल मारलं आणि असा बार उडाला की गल्लीतली कबुतरं राजा घाटापर्यंत गेली असतील. हँडल उलटं फिरलं, मिस्त्रीचं मनगट सुजलं. काकूंनी रेघ ओलांडून आंबेहळद लावली. पुन्हा मारलं, पुन्हा बार. दोन दिवस हेच. गुरुजींचा हात वर जायचा आणि तिथंच थांबायचा. "स्वर लागला नाही," म्हणायचे, पण आवाजात जीव नव्हता.

तिसऱ्या दिवशी हे आणि गुरुजी पुस्तक पुढ्यात घेऊन बसले होते. मी तांदूळ निवडत होते. त्या इंजिनाला चार नळकांडी, आणि प्रत्येकाला ठिणगी नेणारी एकेक तार. ती कुठल्या क्रमानं जोडायची हे बघत हे सहज बोलून गेले की इथली छापखान्याची चूक गुरुजींनी सुधारली ते बरं झालं. मी विचारलं, कसली चूक? तर म्हणे, पुस्तकात एक, तीन, चार, दोन असं छापलंय. खिळे जुळवणाऱ्याला डुलकी लागली असणार. गुरुजींनी जन्मभर पोथ्यांतले चुकलेले पाठ दुरुस्त केलेले. त्यांनी पेन्सिलीनं एक, दोन, तीन, चार केलं आणि ह्यांनी मान डोलावली. मिस्त्रीच्या गिरणीच्या इंजिनांना मुळात एकच नळकांडं, त्याला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. मी म्हटलं, "छापलंय तसं एकदा करून बघायला काय जातं तुमचं?"

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मग गुरुजी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजू लागले, आणि एकदम पोट धरून हसले. म्हणाले, "मास्तर, जन्मभर आम्ही एक-दोन, दोन-एक, एक-दोन असे उलटसुलट पाठ म्हणत आलो. आणि यंत्रानं मात्र सरळच म्हणावं असा हट्ट!"

तारा बदलल्या. मिस्त्रीनं डाव्या हातानं हँडल मारलं. इंजिन खोकलं, शिंकलं, आणि लागलं. सगळा चौक थरथरायला लागला. माझ्या फडताळातल्या कपबश्या किणकिणल्या. गुरुजींचा हात वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. वरच्या कठड्यावर विद्यार्थी नाचत होते. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि मी, परातीचं दुःख विसरून, चक्क टाळ्या वाजवल्या.

इंजिन पुन्हा मोटारीत बसलं, आणि पूल सुटायच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. काकू आणि मी नावेनं पुढं गेलो. मिस्त्रीनं तरुणपणी फौजेत लॉरी चालवली होती, त्यामुळं चाक त्याच्याकडं. शेजारी गुरुजी, धूतवस्त्र नेसून, पागोटं घालून. माँजींना ओसरीवर गादी टाकून बसवलं होतं. अंगावर मांस नव्हतं. आमच्याकडं त्यांनी पाहिलंही नाही.

आधी पुलाच्या फळ्यांचा खडखड आवाज आला. मग इंजिनाचा. मोटार अजून वळणापलीकडं होती, दिसत नव्हती. माँजींनी मान उचलली आणि अगदी रोजच्यासारखं, जरा रागावूनच, म्हणाल्या, "धीरे, बबुआ. धीरे."

काकूंनी माझा हात गच्च धरला.

मोटार अंगणात येऊन थांबली. मिस्त्री इंजिन बंद करायला वाकला तशा माँजी म्हणाल्या, "बंद मत कीजिए." इंजिन चालू राहिलं. पेट्रोल जाण्या-येण्यापुरतंच आणलं होतं. मिस्त्रीनं गुरुजींकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं. गुरुजींनी मान हलवली, असू दे. गाडीतून ते उतरलेही नाहीत. माँजी डोळे मिटून ऐकत होत्या. आम्ही सगळे नुसते बसून राहिलो. किती वेळ कुणास ठाऊक. मग आवाज जरा अडखळला, बारीक झाला, आणि आपणहून थांबला.

माँजींनी डोळे उघडले. "पहुँच गया," म्हणाल्या.

गुरुजी ढसाढसा रडले, पागोट्याचं टोक डोळ्यांना लावून. माँजींनी हळूच उठायला हात मागितला आणि मुनीमांना म्हणाल्या की पाहुण्यांची पानं वाढा, मलाही वाढा.

गुरुजींना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. काकूही गेल्या. मी कधी त्यांची आठवण काढली, तर मला त्या दिवशीची परतीची वाटच दिसते. पेट्रोल संपलेलं, म्हणून माँजींनी आपली बैलजोडी दिली होती. आम्ही नावेत होतो आणि वर पुलावर मोटार चाललेली. मिस्त्री कासरा धरून बैलांबरोबर पायी, आणि चाकावर गुरुजी, आयुष्यात पहिल्यांदा. दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं होतं. समोरून एक घोड्याचा एक्का आला, तर त्याला ते मोठ्या ऐटीत सांगत होते, बाजूला व्हा, मोटार येतेय.