सुरंगीचा पाहुणा

मथुराचा नवरा गुरुदास सुरंगीच्या झाडावरून पडून गेला, त्याला आता नऊ वर्षं झाली. जिवंतपणी हा माणूस दुपारच्या जेवणाला कधी वेळेवर घरी आला नाही. मेल्यावर मात्र घड्याळ लावल्यासारखा यायला लागला.

कोकणात रेडीच्या अलीकडच्या त्यांच्या गावात सुरंगी फुलते फाल्गुनात, फार तर पंधरा-वीस दिवस. कळी उमलायच्या आत झाडावर चढून काढायची, तिचे वळेसर म्हणजे गजरे गुंफायचे आणि बाजार गाठायचा, यातच मथुराचा जन्म गेला. तिच्या बोटांत तो वास इतका मुरलेला की आईच्या हातच्या भाकरीलाही सुरंगी लागते, असं तिची सून अपेक्षा म्हणायची.

परसातल्या एका झाडाला मात्र कोणी हात लावत नसे. त्याच झाडावरून गुरुदास पडला होता. ज्या झाडानं माणूस घेतला त्याची कळी काढायची नाही, ही तिथली रीत. मग त्याची सगळी फुलं फांदीवरच फुलायची आणि भर दुपारी मागल्या दारातून वासाचा लोट घरात शिरायचा. त्या वासाखाली आणखी एक वास असायचा, विडीचा आणि सुंभाच्या दोरीचा. मग त्याचं रिकामं बाजलं करकरायचं.

"मथुरा, चाय ठेव गो."

मथुरा दोन कप चहा ठेवायची, त्याच्या कपात दोन चमचे साखर. शेजारणीनं दुसऱ्या कपाबद्दल विचारलंच, तर म्हणायची, "माकाच दोन लागतत." शेवटचं फूल गळलं की तो मागल्या दारानं निघून जायचा. तिनं त्याला कधी अडवलं नाही. पण पुढचे साडेअकरा महिने ते घर तिला खायला उठायचं, हेही खरंच.

गेल्या वर्षी मुंबईहून संचिता आली. कपड्यांची मोठी डिझायनर. एका परफ्यूम बनवणाऱ्याला हाताशी धरून तिला स्वतःच्या नावाचं महागडं परफ्यूम काढायचं होतं. तिनं गावातले सगळे वळेसर हुंगले, नकारार्थी मान हलवली, आणि पाणी प्यायला म्हणून मथुराच्या परसात आली ती त्या झाडाखाली थबकलीच.

"मावशी, हाच! मला हाच वास हवाय."

मथुरा नाही म्हणाली. दोनदा म्हणाली. पण संचिता सहज बोलून गेली, "बाटलीत हा वर्षभर राहील हो."

"वर्सभर?" मथुरानं विचारलं. तिथंच ती फसली. लोभ काय फक्त पैशाचाच असतो?

तिनं देवळात गुरवाला कौल लावायला सांगितला. पहिला कौल डावा पडला. दुसराही डावा. देवाला तीनदा विचारलं की तो कंटाळून हो म्हणतो, अशी गुरुदासच थट्टा करायचा. तिसरा उजवा पडला. गुरव नुसता बघत राहिला. मथुरानं हात जोडले आणि घाईनं पायऱ्या उतरली. कळ्या झेलायला झाडाखाली स्वतःची जुनी लुगडी तिनंच पसरली. त्या फाल्गुनात मग पुढे एकही फूल फांदीवर फुललं नाही आणि बाजलंही करकरलं नाही. थोडं थांबायचं, मग वर्षभर आहेच, अशी तिनं मनाची समजूत घातली.

गणपती झाल्यावर बाटली आली, काळ्या मखमली डब्यात. भर दुपारी मथुरानं बाजल्यावरच्या उशीवर फवारा मारला. बाजलं करकरलं. "मथुरा, चाय ठेव गो." तिला रडू आवरेना. त्या आठवड्यात तिला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

नवव्या दिवशी त्यानं चहा मागितला नाही.

"मथुरा, हय खूप थंडी आसा."

तिला तर घामाच्या धारा लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "ह्यो जिनो संपणा नाय." त्यांच्या घराला जिना नव्हताच. तिसऱ्या दिवशी आवाज भिंतीपलीकडून यावा तसा आला. "मथुरा, माका दार गावणा नाय."

तिनं पुढलं दार उघडलं, मागलं उघडलं, खिडक्या उघडल्या. बाजलं करकरत होतं आणि तो दार शोधतच होता. मथुराला भीती वाटली; त्याची नव्हे, त्याच्यासाठी. तिनं बाटली उचलली, परसात गेली आणि थेंब न थेंब झाडाच्या मुळात ओतला. उशीही धुऊन टाकली. बाजलं थांबलं.

संध्याकाळी अपेक्षा मोबाईल घेऊन धावत आली. "आई, बघलास? सगळा परफ्यूम खपला. तीनशे घरांत गेलो आपलो वास!"

मथुरानं रिकामी बाटली हातात घेतली. तिनं ओतली होती ती एकच बाटली.

यंदाच्या फाल्गुनात तिनं झाडाला कोणाला हात लावू दिला नाही. झाड लगडून फुललं, दुपारी वासाचा लोट आला. त्यात नुसतीच सुरंगी होती. मथुरानं रोज दोन कप चहा ठेवला. दुसऱ्या कपावर रोज साय धरली.

शेवटचं फूल गळलं त्या दिवशी संचिताचा फोन आला. पुढच्या वर्षी फुलं मिळतील का, म्हणून. मथुरा नाही म्हणाली, आणि या वेळी ते नाहीच होतं. फोन ठेवता ठेवता संचिता हसली.

"मावशी, गंमत सांगू? माझ्या दोन-तीन गिऱ्हाइकांनी सांगितलं, हे परफ्यूम लावलं की दुपारी कोणीतरी चहा मागतंय असं वाटतं."

मथुरानं मागल्या दाराकडे पाहिलं.

"बाय गो," ती म्हणाली, "तेंका सांग, दोन चमचे साकर घाला. आणि मागला दार उघडा ठेवा. आमचे हे त्याच दारान जातत."

"मावशी, मुंबईतल्या फ्लॅटना कुठलं आलं मागलं दार!" संचिता म्हणाली.