म्हशीशी बोलणं

असोद्याच्या लताबाईंना त्यांच्या सुनेनं, सारिकानं, बजावलं होतं की भूमिकाशी गावठी बोलायचं नाही, शुद्धच बोलायचं. लताबाईंना ते जमेना, म्हणून त्यांनी नातीशी बोलणंच सोडलं. सारिका दिवसभर जळगावला कामावर. पोरगी दोन वर्षांची झाली तरी तिच्या तोंडून शब्द फुटेना. धार काढताना मात्र लताबाई म्हशीशी मनसोक्त बोलत आणि भूमिका शेजारी बसून ऐके.

रविवारी म्हशीनं बादलीत पाय घातला, तशी भूमिका ठसक्यात म्हणाली, "सरक वं माय."

सारिका दारातच थबकली. लताबाईंनी मान वळवली नाही.

"म्या तिले काही शिकवलं नाही," त्या म्हणाल्या. "मी तं म्हशीसंगं बोलत होती."