चारही फळ्या तंतोतंत सारख्या

जर्मनीतल्या उंटरश्लाइसहाइम गावातल्या एका कंपनीत नागेश गेली एकोणीस वर्षे इतरांच्या चुका मोजत होता. मोटारीचा सुटा भाग केसभर जाड निघाला की तो परत पाठवणे हे त्याचे काम. आणि ते अंगात इतके मुरले होते की घरी आल्यावरही थांबत नसे. कचऱ्याच्या डब्यांचा क्रम, जिन्यातल्या दिव्याची वेळ, अशा प्रत्येक विषयावर इमारतीच्या व्यवस्थापनाकडे त्याचे सविस्तर पत्र जमा होते. सर्वांत गाजलेले पत्र तळमजल्यावरच्या ओबरमायर या निवृत्त सुताराविरुद्ध. दुपारी एक ते तीन ही शांततेची वेळ. त्यांनी एक वाजून दहा मिनिटांनी यंत्र लावून लाकूड कापले होते. व्यवस्थापनाने ते पत्र सूचनाफलकावर लावले. तेव्हापासून ओबरमायर भेटले की फक्त मान हलवत, तीही मोजूनमापून.

नागेशच्या बायकोने, सुनेत्राने, तीन हिवाळे खपून आईच्या जुन्या साड्यांची गोधडी शिवली होती. गावचे ग्रंथालय ती प्रदर्शनात लावणार होते. अट एकच: चौकटीवर ताणून शनिवारी तीनच्या आत आणून द्यायची.

“अहो, खाली ओबरमायर आहेत की. चाळीस वर्षं त्यांनी तेच केलंय.”

“अंदाजाने केलंय,” नागेश म्हणाला. “चार फळ्या, आठ टोकं, प्रत्येक पंचेचाळीस अंशांत. यात सुतारकाम कुठे आलं? ही मोजमापाची बाब आहे.”

“बरं. मोजमाप झालं नाही तरी गोधडी पोचायला हवी.”

शनिवारी सकाळी नागेशने मागच्या अंगणात नवी कोरी यंत्रकरवत मांडली. पाते पंचेचाळीस अंशांवर आवळले आणि अंशाचा दहावा भाग दाखवणाऱ्या मापकाने तपासले. लांबी प्रत्येक वेळी तीच यावी म्हणून बाकावर लाकडी ठोकळा घट्ट बसवला. फळीचे एक टोक कापायचे, ती सरकवत ठोकळ्याला भिडवायची, दुसरे टोक कापायचे. दोन लांब फळ्या झाल्या, मग ठोकळा हलवून दोन आखूड. मध्ये त्याने एकही फळी दुसरीशी जुळवून पाहिली नाही. एकदा पद्धत बसली की वस्तू तपासणे हा त्याच्या मते पद्धतीचा अपमान होता. ओबरमायर आपल्या ओट्यावर कॉफी घेत हे सारे पाहत होते.

पाऊण वाजता सुनेत्राने फळ्या जमिनीवर मांडल्या. चौकट काही होईना.

“अहो, प्रत्येकीची दोन्ही टोकं एकाच दिशेला कशी झुकलीत?”

चौकटीच्या फळीची टोके एकमेकांकडे झुकायला हवीत, आणि त्यासाठी पहिले टोक कापल्यावर फळी पालथी करावी लागते. नागेशने ती नुसती सरकवली होती. चारही वेळा. चुकीत अंशाच्या दहाव्या भागाचाही फरक नव्हता.

तो मोबाइल काढून करवतीच्या उत्पादकाला लिहू लागला, की पुस्तिकेच्या अकराव्या पानावर फळी पालथी करण्याचा उल्लेख नाही. सुनेत्राने मोबाइल काढून घेतला.

“दोन तास राहिलेत.”

“पण एक वाजल्यावर यंत्र चालवता येणार नाही.”

“हो ना,” ती म्हणाली. “फलकावर लिहिलंय.”

नागेश ओट्यापाशी जाऊन उभा राहिला.

“दुसऱ्या फळीलाच दिसलं होतं,” ओबरमायर म्हणाले.

“मग सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही विचारलं नाहीत. शिवाय बघायला बरं वाटत होतं. फार नीटनेटकं काम.”

“सगळं लाकूड वाया गेलं.”

“कुठे? बाहेरची कड बरोबर आहे. त्याच कडेच्या कोपऱ्यातून उलट्या दिशेने प्रत्येक फळीचं एकेक टोक कापा. त्रिकोणी तुकडा पडेल. चार काप, बस्स.”

एकोणीस वर्षांच्या मोजमापाला हे दिसले नव्हते. “पण एक वाजला,” नागेश म्हणाला.

“गेनाऊ, अगदी बरोबर. पण तुमच्या पत्रात मनाई फक्त यंत्रांना आहे. दुसरा परिच्छेद. मी रोज वाचतो.”

ते आतून हातकरवत आणि तिरप्या खाचांचा लाकडी साचा घेऊन आले. नागेशने फळी धरली, म्हाताऱ्याने शांतपणे कापली. पहिल्या कापाला नागेशने मापक लावला. पंचेचाळीस पूर्णांक शून्य. त्याने मापक पुसून पुन्हा लावला.

“आल्झो, मग बिघडलाय का?” ओबरमायरनी विचारले.

कोपरे मागून लोखंडी पट्ट्यांनी आवळले, गोधडी ताणली, आणि तिला दोन बाजूंनी धरून दोघे सुनेत्राच्या मागोमाग ग्रंथालयाकडे निघाले. पोचले तेव्हा तीनला आठ मिनिटे कमी होती. सुनेत्राने आधी गोधडीची कड चाचपली, मग ओबरमायरांचे आभार मानले. नागेशकडे नंतर पाहिले.

सोमवारी नागेशने व्यवस्थापनाला लिहिले, की फलकावरचे आपले पत्र काढावे. ते दुपारीच निघाले. आठवड्याने ओबरमायरनी त्याला कॉफीला बोलावले, तेव्हा ते पत्र त्यांच्या भिंतीवर होते, उरलेल्या लाकडाच्या छोट्या चौकटीत.

ते कॉफी आणायला आत गेले, तेव्हा नागेशने खिशातून मापक काढून चारही कोपरे तपासले. तक्रारीला जागा नव्हती.