साध्या पाण्यातला उजेड

लोकांच्या मुली मांजर पाळतात, माझी जिवाणू पाळते. त्यांच्यातलं एक जनुक पहारेकऱ्याचं काम करतं. पाण्यात नॅप्थलीन, म्हणजे आपल्या डांबरगोळ्यांतलं रसायन, असलं की ते जागं होतं आणि जिवाणू अंधारात मंद चमकू लागतात. कारखान्याजवळच्या विहिरी अशा स्वस्तात तपासता येतील, असं ती जेवताना सांगते आणि तिने हात धुतलेत का ते मी बघते.

गेल्या आठवड्यात विहिरीच्या पाण्याबरोबर तुलनेसाठी ठेवलेली साध्या पाण्याची नळीही चमकायला लागली. शुक्रवारी प्रयोगशाळेतले तिचे सर बघायला येणार होते. साधं पाणी चमकलं तर हे काम बंद करून तिला दुसऱ्याच्या हाताखाली बसवणार होते. तिची भूक गेली, माझी झोप.

"जिवाणू बिघडलेत," गुरुवारी ती म्हणाली.

"झोपत नाहीस, मग चुका होतात."

"आई, झोपेचा आणि जनुकाचा काही संबंध नाही."

"झोपेचा सगळ्याशी संबंध असतो."

तेवढ्यात तिचे बाबा तिचा प्रयोगशाळेचा कोट घेऊन आले. लग्नातला सूट कसरीने खाल्ल्यापासून हे कपड्यांच्या बाबतीत कुणावर विश्वास ठेवत नाहीत. तिने कोट घेतला, नाकाशी धरला आणि बाबांकडे वळली.

"बाबा, हा कुठे ठेवता?"

"गेल्या आठवड्यापासून धुऊन लोकरीच्या कपाटात. खिशात दोन डांबरगोळ्या. सकाळी आठवणीने काढतो हां."

"म्हणजे आठवडाभर मी माझ्या जिवाणूंना डांबरगोळ्या हुंगवतेय."

"त्यांना एवढा वास कळला?" यांचा चेहरा खुलला. "मग बिघडलेत कसले? चांगले तरबेज आहेत की."

ती पोट धरून हसली. मग घड्याळ बघितलं, उभ्याउभ्या दोन घास खाल्ले आणि कोट तिथेच टाकून पळाली. मैत्रिणीचा कोट घालून तिने सगळ्या नळ्या नव्याने लावल्या.

शुक्रवारी दुपारी फोन आला.

"आई, विहिरीचं पाणी चमकतंय. साध्या पाण्यात मिट्ट काळोख."

माझा जीव भांड्यात पडला. "सर काय म्हणाले?"

"काम चालू ठेव म्हणाले. आणि ओरडले पण. जिवाणूंच्या खोलीतला कोट घरी न्यायचाच नसतो."

"मग इतके दिवस तो माझ्या वॉशिंग मशीनमध्ये, आपल्या टॉवेलांबरोबर...?"



"ठेवते हं आई, सर बोलावतायत."