अण्णांचं दीर्घायुष्य

आज सुनेने माझ्यासाठी तांदळाची पेज केली. तुपाचा वास आला आणि लोणावळ्याचं आमचं घर आठवलं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट, मी अकरा वर्षांची होते.

माझे वडील, अण्णा, शाळामास्तर होते. पहाटे गार पाण्याची अंघोळ, सूर्यनमस्कार, मोजका आहार. दीर्घायुष्यावर ते मावळात गावोगाव व्याख्यानं देत. आईला ताप आला तेव्हा त्यांनी डॉक्टरला बोलावलं नाही, तिला नुसत्या पाण्यावर ठेवलं.

नवव्या दिवशी आई हळूच म्हणाली, "घोटभर पेज दे गं."

मी करून आणली. खोलीच्या दारात अण्णा उभे होते.

"परत ने ती. उपासानंच अंग शुद्ध होतं."

कपाळावरच्या ओल्या पंच्याखालून आई माझ्याकडे बघत होती. मी वाटी परत नेली. दोन दिवसांनी ती गेली.

तेव्हा मला वाटलं होतं, मी शहाण्यासारखी वागले. आता वाटतं, त्यांना ढकलून आत जायला हवं होतं.

अण्णा ब्याण्णव वर्षं जगले. लोक त्यांना रहस्य विचारायला येत. आईचा विषय निघालाच, तर ते म्हणत, "तिला पथ्य जमलं नाही."

मी पाहुण्यांपुढे चहा ठेवून आत जायचे.