माझ्या फटफटीमागची म्हैस

सोमवारची सकाळ, कोल्हापूर, शनिवार पेठ. ऐंशीच्या आसपासचं साल असेल. नवी घेतलेली जुनी मोटारसायकल काढून मी ऐटीत ऑफिसला निघालो, आणि मागे एक म्हैस पळत आली.

आधी वाटलं, योगायोग. डावीकडे वळलो, ती वळली. वेग वाढवला, तिनेही वाढवला... चौकातल्या हवालदाराने मला थांबवलं आणि शांतपणे सांगितलं, "पावणं, वळताना म्हशीलाबी हात दाखवायला लावा की." आख्खा चौक हसला.

मी बदली होऊन सगळ्या कुटुंबासह नवीनच आलो होतो. गाडी घेतली ती लांबच्या प्रवासासाठी. अडीचशे सीसी, दोन सायलेन्सर, रुंद सीट, घाट चढताना दम न लागणारी. लग्नाला वर्ष होत आलेलं, घरात आई-वडील, दोन भाऊ, आल्यागेल्याचा राबता... सुलभाशी निवांत चार शब्द बोलायचे तर गच्चीवर वाळवणाच्या निमित्ताने जावं लागायचं. दिवाळीत आंबोलीमार्गे गोव्याला जायचं, दोघंच, असं मी तिला कबूल केलं होतं. पहिलाच प्रवास. त्यासाठी ही गाडी.

विकणारे दत्तूमामा गवळी. पाय मोडून खाटेवर पडलेले, डॉक्टरांनी यापुढे किक मारायची नाही म्हणून बजावलेलं. "गाडी एकदम सरळ हाय, पावणं. कवा दगा देणार न्हाय," एवढंच म्हणाले. म्हशीचं अवाक्षर नाही.

मला सांगा, ही सांगायची गोष्ट नाही? टायर गुळगुळीत आहे, क्लच घसरतो, हे मी विचारायचं. पण गाडीबरोबर म्हैस येते का, असं कोण शहाणा माणूस विचारतो?

नंतर कळलं. दिवाळीच्या पाडव्याला इथले गवळी म्हशींना सजवतात आणि मोटारसायकलच्या मागे पळवतात. सायलेन्सरमधली आवाज दाबणारी पुंगळी काढायची म्हणजे आवाज घुमतो, आणि म्हैस हजार गाड्यांतून आपल्या मालकाची गाडी ओळखते. मामांची सुंदरी सगळ्या पेठेत नावाजलेली. रोज दहाच्या सुमाराला मामांचा भाऊ म्हशी धुवायला पंचगंगेवर न्यायचा, नेमका माझ्या वाटेवरून.

गॅरेजच्या मेस्त्रींकडून दोन्ही पुंगळ्या बसवून घेतल्या. फरक शून्य. ऑफिसात साहेबांनी विचारलं, "आज एकटेच आलात?" सुलभाला कळंब्याच्या तलावावर फिरवायला निघालो, तर अर्ध्या वाटेपर्यंत सुंदरी सोबत. मला वाटलं, बायको शरमेने मेली असेल. ती पदर तोंडात कोंबून हसत होती.

मी मामांकडे तीनदा भांडायला गेलो. गाडी परत घ्या म्हटलं. मामा खाटेवरून म्हणायचे, "गाडीत खोट असंल तर सांगा. म्हस काय गाडीचा पार्ट हाय व्हय?"

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी चौथ्यांदा गेलो. उद्या पहाटे आम्ही गोव्याला निघतोय, म्हैस बांधून ठेवा, म्हणून ठणकावलं. मामा म्हणाले, "उद्या तिला पळवायची हाय. भावानं दुसरी गाडी आणली, पर सुंदरी तिच्यामागं जाईना. तुमी चालवा की... एवढी एक बार."

माझा तोल सुटला. फसवून गाडी गळ्यात मारायची, वर चारचौघांत माझाच तमाशा करायचा? नाही म्हणून सांगितलं आणि तणतणत घरी आलो. सुलभा कोडोलीची, गोठ्यात वाढलेली. सगळं ऐकून घेतलं आणि बॅगेतल्या माझ्या शर्टाची घडी बाहेर काढून ठेवली. "समुद्र परवा पण तिथंच असेल," म्हणाली.

तर पाडव्याला मी, इस्त्रीचा शर्ट, पुंगळ्या काढलेली गाडी, आणि दोन्ही बाजूंना माणसांची भिंत. सुंदरीची शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांची माळ, पायात घुंगरू. मी दात-ओठ खात किक मारली. तिने मान वर केली आणि निघाली... शिट्ट्यांनी कानठळ्या बसल्या. खरं सांगतो, मी तेव्हाही चिडलेलोच होतो.

गल्लीच्या टोकाला थांबलो. सुंदरी धापा टाकत गाडीला वळसा घालून पुढे आली. माझ्या हाताचा वास घेतला, तोंडाचा घेतला, आणि मान फिरवली. चौकात, ऑफिसच्या दारात, कळंब्याच्या रस्त्यावर, जिथे जिथे मी थांबलो तिथे तिने हेच केलं होतं. मला वाटायचं, माझी खोड काढते.

समोर खुर्चीवर मामांना आणून बसवलं होतं. पाय मोडल्यापासून ते गोठ्यापर्यंत जाऊ शकले नव्हते. तिला ते दिसले. ती सरळ गेली आणि मामांच्या मांडीत डोकं घातलं. "आलीस व्हय गं," एवढंच मामा म्हणाले, आणि तिच्या कपाळाला कपाळ लावून बसले. सुलभा गर्दीत डोळे पुसत होती. माझेही भरून आले, लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही गोव्याला निघालो. घाटापर्यंत माझ्या डोक्यात एकच विचार फिरत होता. गाडी विकताना मला सांगितलं नाही, म्हणून मी चार वेळा जाऊन भांडून तरी आलो होतो...

गाडी विकली, हे सुंदरीला कोणी सांगितलं होतं?